तीन उकळ्यांची हुग्गी

९ मे २००१
उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालंय. ठसठसतंय लई. हळद-चुना लावून चिंधी बांधली. किरकोळ गोष्ट. आमच्याकडं बावीस पोरी राहतात, मेसवर जेवतात, बोटाचे लाड करायला फुरसत कुणाला?

संकल्प: १६ तारखेला पोरींची सीईटी. आदल्या दिवशी सगळ्यांना गव्हाची गोड हुग्गी, गूळ-खोबरं घालून. आमच्या निलंग्याकडं हुग्गीशिवाय मोठं काम निघत नसतं. सरजाबाई म्हणाली, परीक्षेच्या तोंडावर पोटाला जड कशाला. चाळीस वर्षं संसार केला, पण बाईला शुभ-अशुभ काही कळत नाही.

१० मे, सकाळी
तनुजा जोरजोरात वाचून राहिली होती. माझी नात, मुरुडहून दोन वर्षं आमच्याकडं राहून क्लास करतेय. डॉक्टर होणार. मध्येच माझ्या बोटाकडं बघून थांबली. म्हणाली, असल्या पुवात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. तो अन्नात पडला की उकाड्यात वाढतो आणि विष सोडून ठेवतो.

मी म्हणालो, उकळलं की सगळं मरतं. भूकंपानंतर किल्लारीच्या कॅम्पात चाळीस दिवस मी पाणी उकळलं. एकाला हगवण लागू दिली नाही. डॉक्टर लोक पाच वर्षांत शिकतात ते मी चाळीस दिवसांत उभ्या उभ्या शिकलो.

"जंतू मरतो, आज्जा," ती म्हणाली. "त्यानं सोडलेलं विष मरत नाही."

हसलो. पोरगी हुशार, पण सगळं पुस्तकातलं. साप जळाला तर विष काय चुलीत शिल्लक राहतं?

१२ मे
बोट टमाट्यासारखं. समोरच्या दवाखान्यात डॉ. मुज्तबांकडं गेलो. भला माणूस, हात हलका. चिरा देऊन पू काढतो म्हणाले. मी म्हणालो, सीईटीनंतर बघू. गोळ्या लिहिल्या. वर ताकीद दिली की बोट वाळेपर्यंत अप्पा, चुलीपाशी जायचं नाही, नुसती देखरेख करायची.

नोंद: देखरेख करणे.

दोन गोळ्या घेतल्या. आराम पडला. बाकीच्या जपून ठेवल्या, पुढं कधी लागल्या तर.

१४ मे, दुपारी
सरजाबाई बहिणीच्या नातवाच्या बारशाला मुरुडला गेली. उद्या संध्याकाळी येईल. जाताना भाजी-भाकरीला शेजारच्या नीलाबाईला सांगून गेली, आणि मला सांगून गेली की हुग्गीचं खूळ डोक्यातून काढा. हाव, काढतो म्हणालो. गहू सकाळीच भिजवून, कांडून ठेवला होता, ते सांगायचं राहिलं.

१४ मे, संध्याकाळी ७
गहू मऊ शिजला. उकळी पहिली.

डॉक्टरांच्या शब्दाखातर पळीच वापरत होतो. पण पळीनं कालवली की ती हुग्गी राहत नाही, नुसती खीर होते. गहू-गूळ-खोबरं हाताला एकजीव लागलं पाहिजे, माझ्या आईचा हा कायदा. कोमट झाल्यावर हात घातला. चिंधी आधी काढून ठेवली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. चिंधीला पू लागलेला.

मग दूध घातलं. पातेल्यावर पोतं गुंडाळलं, रातभर ऊब राहावी. बाहेर बेचाळीस डिग्री, तरी हयगय नको.

१५ मे, सकाळी ६
पोतं काढलं. वास फर्स्ट क्लास. आंबूस नाही, तार नाही. खराब असती तर बोंबलत वर आली नसती का? उकळी दुसरी. नाश्त्यानंतर तिसरी. कॅम्पात एका उकळीत काम भागलं होतं. इथं तीन. तनुजाच्या पुस्तकातल्या जंतूचं खानदान गेलं.

दुपारी १
ऐतिहासिक पंगत. मी स्वतः पातेल्यापाशी उभा राहून वाढलं. पहिली वाटी तनुजाला. माझ्या डोळ्यांदेखत उभ्या उभ्या संपवली. बाकीच्या पोरी म्हणाल्या, रिव्हिजन चालू आहे, वाट्या खोलीत घेऊन जातो. गौसिया, नायगावच्या शिंपी घरची पोर, तनुजाच्याच खोलीत राहते, तिनं तर ताटात सहा वाट्या मांडून नेल्या. अर्ध्या तासात एकवीसच्या एकवीस वाट्या परत. चकचकीत, घासायचं काम नाही. मी तीन वाट्या खाल्ल्या. असं खाणारं लेकरू पाहिलं की जन्म सार्थकी लागतो.

दुपारी ४
तनुजाला उलट्या. पाच झाल्या. पोटात मुरडा, आता जुलाबही. परीक्षेचं टेन्शन.

मलाही दोन उलट्या, एकदा परसाकडं. नातीवरची माया.

संध्याकाळी ६
डॉ. मुज्तबांनी सलाइन लावलं. काय खाल्लं विचारलं. हुग्गी म्हणालो. माझं बोट धरून उजेडाकडं नेलं, चिंधी सोडून पाहिलं. मग समजावलं, तेही उर्दू-मराठी मिसळून, गोड. हे विष पोटात उतरलं की आतड्याला झोंबतं. आतड्याच्या शिरा मेंदूला तार करतात की माल खराब आहे, परत पाठवा. मेंदू वरनं उलटी सोडतो, खालनं आतडं पाणी सोडून राहतं. ताप फारसा येत नाही, कारण जंतूची लढाई नसतेच, तो आपलं काम ताटातच उरकून गेलेला असतो. दोन-चार तासांत सुरू, एखाद्या दिवसात बंद.

त्यांच्या लेखी एकच दिवस. पण तोच दिवस उद्याचा आहे.

मी शांतपणे मुद्दा मांडला. बावीस पोरींनी खाल्ली. आजारी एकटी तनुजा. हुग्गीत दोष असता तर बावीस सलाइनी लागल्या नसत्या का? डॉक्टर सलाइनचे थेंब मोजायला लागले. तनुजानं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

१६ मे
रिक्षानं सेंटरवर नेलं. मांडीवर साखर-मिठाच्या पाण्याची बाटली. चेहरा पिठासारखा. पेपर सोडवताना तीनदा उठून बाहेर जावं लागलं म्हणाली.

बाकी एकवीस ठणठणीत. फाटकापाशी ज्या पालकांना भेटलो त्यांना सांगितलं, उन्हाळा लई बेकार.

सरजाबाई काल रात्री आली. पातेलं राखेनं चारदा घासलं आणि माळ्यावर टाकलं.

२० मे, सकाळी
मागची मोरी तुंबली. पाणी अंगणात. संकल्प: लोकांची वाट न बघता स्वतः दुरुस्ती. बांबू घातला.

गहू आला. मग खोबरं. मग परत गहू, फुगून टपोरा झालेला. एक बादली भरली.

गौसिया गावाला जायला सामान बांधत होती. तिला बोलावलं, बादली दाखवली. खाली मान घालून उभी राहिली. मग म्हणाली, तनुजानं आधीच सगळ्या खोल्यांत सांगून ठेवलं होतं, वाटी घ्या, शुक्रिया म्हणा, खोलीत न्या, एक घास घेऊ नका. अप्पांचं मन मोडू नका.

दुपारी
हिशेब परत केला. बावीस नाही. हुग्गी खाणारे दोनच. ती आणि मी.

आजारी पडलेले, दोन.

माया वगैरे जे वर लिहिलंय ते खोडलं.

२१ मे
बोट डॉक्टरांकडून चिरून घेतलं. चमचाभर पू. घरी येऊन जपून ठेवलेल्या गोळ्या सुरू केल्या.

१२ जून
रिझल्ट. गौसियाचा नंबर लागतोय, नांदेडला. मुरुडच्या एकीचाही. तनुजा चार मार्कांनी मागं. चार मार्क म्हणजे एकदा बाहेर जाऊन परत येण्याइतका वेळ.

पोरगी रडली नाही. पुस्तकांना नवीन कव्हरं घालत बसली. पुढच्या वर्षी परत बसणार म्हणाली. मी जवळ जाऊन बसलो. महिनाभर जिभेवर असलेलं विचारलं. तुला ठाऊक होतं, तर तू कशाला खाल्लीस, बाई?

"तुम्ही पातेल्यापाशी उभे होता, आज्जा," ती म्हणाली. "सगळ्यांनीच खोलीत नेली असती, तर तुमच्या ध्यानात आलं असतं."

मला कॅम्पातली एक गोष्ट सांगायची होती. त्याऐवजी डिंकाची बाटली तिच्यापुढं सरकवली.

म्हणालो, आता वर्षभर तुझ्या खाण्यापिण्याकडं मी जातीनं लक्ष देतो. उद्या काय खाशील सांग.

कव्हराला डिंक लावत म्हणाली, काहीही चालेल. चुलीचं आजीला सांगून ठेवलंय.