दीनासुराच्या नाकावरची चामखीळ

२४ नोव्हेंबर १९५४, बुधवार

आजपासून रोजनिशी. हेतू एकच : हरिभाऊंचा सूड. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे भीड बाळगण्याचं कारण नाही.

घडलं ते असं. आगाशीच्या कार्तिकी उत्सवातल्या नाटकाचे पडदे मीच रंगवतो. शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे, इंटरमिजिएट पास आहे, आणि गावात दुसरं कोणी नाही. यंदा जंगलाच्या पडद्यावर वाघ काढला. उत्तम वाघ. पडदा उलगडला आणि पहिल्या रांगेतून हरिभाऊ मोठ्यांदा म्हणाले, अरे, नरहरीच्या वाघाला कोणीतरी पाला टाका रे. हरिभाऊ म्हणजे नाट्यमंडळाचे अध्यक्ष. नात्यानं माझे चुलतभाऊ, वागण्यानं शत्रू. सगळा मांडव हसला. नाटक शोकांत होतं. नायक मरेपर्यंत लोक हसत होते.

वाघाची दाढी जरा लांब झाली होती, हे खरं. पण ती सावली होती.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

फळ्याकडे वळलो की मागून 'बें'. वर्गाकडे वळलो की सगळे चेहरे साळसूद. मुख्याध्यापकांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, खांदे हलत होते.

शांता, माझी लेक, तिसरीत आहे. तिला मुली 'करडू' म्हणतात. संध्याकाळी येऊन माझ्या धोतरात तोंड खुपसून रडली. बायको, प्रमोदिनी, म्हणाली, तुम्हीही हसून सोडा, चार दिवसांत विसरतील. मी हसून सोडणाऱ्यातला नाही. हे 'बें' बंद झालं पाहिजे आणि हरिभाऊंच्या मागं दुसरं काहीतरी सुरू झालं पाहिजे. ते काय, ते ठरायचं आहे.

२८ नोव्हेंबर, रविवार

ठरलं.

नंदाखालचा क्लेमेंट आला होता. माझा शाळेपासूनचा मित्र, मुंबईला फिल्म धुण्याच्या लॅबोरेटरीत नोकरीला. त्याच्याजवळ एक इंग्रजी मासिक होतं. त्यात लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या डायनॉसॉर नावाच्या जनावरांची चित्रं. एका पानावर एक पालाखाऊ जनावर चिखलात उभं. पोट अवाढव्य, डोकं लिंबाएवढं, चेहऱ्यावर आपण अध्यक्ष असल्याचा भाव. मी बघतच राहिलो. साक्षात हरिभाऊ. फक्त मिशा आणि नाकावरची चामखीळ नव्हती. ती मी घालीन.

चित्रं हलवून कार्टूनचा सिनेमा करायचा. लॅबोरेटरीच्या मालकांचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा क्लेमेंटला रविवारी मिळतो. हिंदुस्थानात असं कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. केलं असलं तरी सुडासाठी केलेलं नसणार.

२ डिसेंबर, गुरुवार

कथा तयार. डायनॉसॉर आई घरट्यात अंडं घेऊन बसलीय. चामखीळवाला लठ्ठ डायनॉसॉर येतो, अंडं तोंडात धरून पळतो. तेवढ्यात सडपातळ, उंच, कपाळावर कुरळी बट असलेला नायक येतो. शेपटीचा असा फटका देतो की अंडं चोराच्या तोंडातून उडून नायकाच्या हातात. चोर भेलकांडत चिखलात पडतो आणि बुडतो. नायक अंडं आईला परत देतो. ती त्याच्या मानेला मान घासते. समाप्त.

घरगुती चित्रपट आहे. आईबापांनी मुलांना घेऊन पाहावा आणि घरी जाताना हरिभाऊंचा तिरस्कार करावा, असा. लांबी दोन तास.

नायकाचा चेहरा आरशात बघून काढतोय. थोडा तरुण केला आहे, बाकी प्रामाणिक.

१२ डिसेंबर, रविवार

क्लेमेंटनं हिशेब केला. दोन तासांना लाखाच्या घरात चित्रं लागतील. म्हणजे शांताचं लग्न होईपर्यंत काढत बसायचं. अर्ध्या तासावर आलो. आटोपशीरपणा हा कलेचा प्राण आहे.

तो म्हणाला, प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नंबर घाला मास्तर. साफ नाही म्हणालो. चित्र म्हणजे काय रेशनचं कार्ड आहे? त्यानं गोष्ट विचारली, तीही सांगितली नाही. क्लेमेंट माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. नंदाखालला चर्चच्या दारात बोलला तर घंटा वाजायच्या आत आगाशीत हरिभाऊंना कळेल.

९ जानेवारी १९५५, रविवार

काम झपाट्यानं सुरू. आज चोराची चामखीळ पूर्ण झाली.

ओल्या शाईची चित्रं वाळवून एकावर एक ठेवायचं काम प्रमोदिनीकडे दिलंय. नुसतं म्हणालो, पानं नीट लावून ठेवत जा. तिला सांगावं लागत नाही. माहेर गासचं, पानवेलीच्या वाडीतलं. लहानपणापासून खायची पानं लावलेली बोटं आहेत तिची. एक कोपरा इकडे-तिकडे होत नाही. हरिभाऊंना ओळखलंस का, म्हणून विचारलं. म्हणाली, मिशा छान आल्यात.

१७ एप्रिल, रविवार

हात दुखतो. दहा मिनिटांवर आलो. दहा मिनिटांचा अपमान पुरेसा असतो. माझा तर एका वाक्यात झाला.

पोरांचं 'बें' आता शाळेबाहेरही. काल जूचंद्रच्या नातेवाइकांकडे गेलो, तिथल्या एका म्हातारीनं विचारलं, वाघवाले मास्तर तुम्हीच का? पदराआड हसली. जूचंद्रपर्यंत पोचलंय. हरिभाऊंच्या चेहऱ्यावर आणखी एक चामखीळ वाढवावी काय? नको. कलाकारानं खोटं करू नये.

२८ मे, शनिवार

सुट्टीत रोज पन्नास चित्रं काढायचा ठराव होता. शांताला ताप आला. तीन दिवस उतरेना. चौथ्या दिवशी हरिभाऊ स्वतः डॉक्टरांना टांग्यात घालून घेऊन आले, आणि जाताना राजेळी केळ्यांचा एक घड पडवीत ठेवून गेले. शांता आता बरी आहे.

घड स्वीकारला. सूड कायम.

२४ जुलै, रविवार

पावसानं कागद दमट झाले. एका रात्रीत नायकाची बट पसरून पगडी झाली. पन्नासेक चित्रं पुन्हा. क्लेमेंटच्या हिशेबानं जे आहे ते साडेतीन मिनिटांचं. उत्तम. लोकांनी पापणी लवायच्या आत हरिभाऊ बुडाले पाहिजेत.

२१ ऑगस्ट, रविवार

सावज आपल्या पायांनी आलं.

हरिभाऊ सकाळी पडवीत येऊन बसले. कुठून तरी ऐकलंय की नरहरी दीनासुरावर सिनेमा करतोय. मी सांगितलं, डायनॉसॉर. ते म्हणाले, तोच तो, दीनासूर. कुठल्या पुराणातला रे? मी म्हणालो, फार जुन्या. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हल्ली पौराणिक विषय कोण घेतो. यंदाच्या उत्सवात नाटकाच्या आधी आपण हाच लावू. पडद्याचं कापड, जनरेटर, सगळं माझ्याकडे लागलं. मी पहिल्या रांगेत बसणार.

मी म्हणालो, अवश्य पहिल्या रांगेतच बसा. इतकं शांतपणे म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं.

२५ सप्टेंबर, रविवार

शेवटचं चित्र झालं. आई नायकाच्या मानेला मान घासते. डोळ्यांत पाणी आलं. प्रमोदिनीनं सगळा गठ्ठा धुतलेल्या फडक्यात बांधून दिला. क्लेमेंटला बजावलं, सगळ्यात वरच्या पानापासून सुरुवात कर, एकेक उचलत खाली जा, मध्ये अक्कल चालवू नकोस. 'दीनासूर' आणि 'समाप्त' या दोन पाट्या वेगळ्या दिल्या. हो, दीनासूरच लिहिलं. हरिभाऊंच्या जाहिरातीत तसं छापलंय.

६ नोव्हेंबर, रविवार

शूटिंग संपलं. क्लेमेंट म्हणतो, गोष्ट लई भावली मास्तर. तो जाडा चिखलातून वर येतो ना, तिथं आपल्याला गलबलून आलं. क्लेमेंटला सिनेमा धुता येतो, कळत नाही. चिखलात जातो असं म्हणायचं असेल.

फिल्म धुऊन उत्सवाच्या दिवशीच मिळणार. आधी बघायला मिळणार नाही. माझी हरकत नाही, मला पाठ आहे.

८ डिसेंबर, गुरुवार

परवा.

हरिभाऊ माफी मागायला आले तर पडवीत बसवायचं की अंगणात उभं ठेवायचं, हे ठरत नाही. केळ्यांचा घड आणि डॉक्टर लक्षात घेता पडवी. पण पाट द्यायचा नाही.

शांताला सांगितलं, परवानंतर तुला कोणी करडू म्हणणार नाही. तिनं शपथ घ्यायला लावली. देवाची घेतली.

११ डिसेंबर, रविवार. सकाळ.

काल जे झालं ते लिहितो.

मांडव तुडुंब. पहिल्या रांगेत हरिभाऊ, जरीचा फेटा बांधून. जनरेटर सुरू झालं, पाटी आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी खांबाला टेकून हरिभाऊंच्या चेहऱ्यावर नजर ठेवली. पडद्याकडे बघायची मला गरज नव्हती.

चेहरा खुलला. मी पडद्याकडे बघितलं.

आई नायकाच्या मानेला मान घासत होती. ही तर शेवटची चित्रं. मग नायकानं तिच्या घरट्यातलं अंडं उचललं, छातीशी धरलं आणि मागल्या पावलांनी पसार झाला. चिखलातून बुडबुडे आले. बुडबुड्यांतून शेपूट, मग पोट, मग मिशा, मग चामखीळ. हरिभाऊ वर आले. अंगावर चिखलाचा ठिपका नाही. मागच्या बायकांनी हात जोडले. एक आजी म्हणाली, प्रकटले.

नायकाच्या हातातलं अंडं उडून हरिभाऊंच्या तोंडात गेलं. नायक शेपूट आवळत उलट्या पायांनी पळाला. बट कपाळावर उडत होती. एका पोरानं ओरडून विचारलं, तो चोर कोण रे? दुसरा म्हणाला, बट बघ की, आपले मास्तर. मांडव कोसळला.

हरिभाऊंनी अंडं घरट्यात अलगद ठेवलं आणि आईला पाठ न दाखवता, देवळातून निघावं तसे, एकेक पाऊल मागं सरत गेले. मांडवात चिडीचूप. कोणीतरी नाक ओढलं. समाप्त.

तीन वेळा पुन्हा लावायला लागलं. नाटक रद्द.

मग हरिभाऊ मंचावर गेले. म्हणाले, गेल्या वर्षी मी या पोराच्या वाघाची थट्टा केली, आणि यानं मला दीनासूर करून चिखलातून वर काढलं. स्वतः चोर झाला. एवढं मोठं मन मी बघितलं नाही. मग त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मिठी मारली. त्यांच्या फेट्याची जर माझ्या डोळ्यात गेली. लोकांना वाटलं, मी रडतोय.

११ डिसेंबर, दुपार

चौकशी पूर्ण. प्रमोदिनीला विचारलं, गठ्ठा उलटा का लावला? ती म्हणाली, उलटा कसा? पानं लावा म्हणालात. ताजं पान वर, जुनं तळाला. दुसरं कसं लावतात पानं?

मी म्हणालो, पुस्तकाची पानं. ती म्हणाली, मग पुस्तकाची म्हणायचं होतंत.

क्लेमेंट म्हणाला, नंबर असते तर. त्याला पुढं बोलू दिलं नाही. पुन्हा शूट करू म्हणालो. तो म्हणाला, करू की, पण लोक आता चिखलात बुडवू देणार नाहीत हरिभाऊंना. पालघरहून आमंत्रण आलंय, दीनासूर महाराजांचा सिनेमा पाठवा म्हणून.

एका दृष्टीनं हे बरंच झालं. लोक पोटभर हसले की विसरतात. उद्यापासून 'बें' बंद होणार. म्हणजे माझा शब्द खरा ठरला. सूड पुढं ढकलला आहे, सोडलेला नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

'बें' बंद झालं.

सकाळी शाळेत फळ्याकडे वळलो. शांतता. बरं वाटलं. वर्गाकडे वळलो. सगळा सहावीचा वर्ग बाकांमधून उलट्या पावलांनी चालत होता. प्रत्येकाच्या छातीशी काहीतरी धरलेलं. दौत, पेरू, एकाच्या टोपीचा गोळा.

शाळा सुटल्यावर तडक घरी आलो. शाल खांद्यावर टाकली, नारळ उचलला आणि हरिभाऊंकडे निघालो. शाल आणि नारळ त्यांच्या पायांशी टाकून तोंडावर सांगायचं ठरवलं, की तो चोर तुम्हीच होता, मूळ कथेत तुम्ही बुडता. वाक्य पाठ केलं होतं. शांता हात धरून बरोबर आली.

हरिभाऊंच्या अंगणात अर्धं गाव. हरिभाऊ ओटीवर बसलेले, आणि दोन बायका त्यांच्या पाया पडत होत्या. मला बघून ते लगबगीनं उठले, दोन्ही हात पसरून पायऱ्या उतरून माझ्याकडे यायला लागले. डोळे पुन्हा भरलेले. पुन्हा ती मिठी आणि फेट्याची ती जर मला नको होती. मी नारळ छातीशी घट्ट धरला आणि मागं सरकलो. एक पाऊल, दोन पावलं, फाटकापर्यंत.

अंगणभर टाळ्या पडल्या. पहिली टाळी शांताची होती.