निनादसाठी इंग्रजी कादंबरी

९ जून, रवि.
पुण्याहून परतीची बस. नगर मागं पडलं. निनादला भेटलो. एकाआड एक रविवार, कोर्टानं ठरवून दिलेला. पोरगं तेरा वर्षांचं, माझ्या खांद्याला लागलंय. बागेत बाकावर बसलो तरी हातातलं इंग्रजी पुस्तक मिटेना. विचारलं, "चांगलं आहे का?" तर म्हणाला, "बाबा, तू कधी इंग्लिश नॉव्हेल वाचलंयस?"
"नाही रे."
"मग तुला कसं सांगू?"
रागानं नव्हता म्हणत. म्हणूनच लागलं. मग स्वतःच बोलला, शाळेच्या लायब्ररीतली सगळी चांगली वाचून झाली, आता कोणीतरी सुचवायला पाहिजे. मम्मीला वेळ नसतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सुचवतो."
हसला. पण "खरंच?" असंही म्हणाला.
मी मराठी मीडियम, पुढं आयटीआय. कंपनीत ड्रॉइंगवरचं इंग्रजी वाचतो तेवढंच. काय बोलून बसलो.

११ जून
कंपनी सुटल्यावर क्रांती चौकात उतरून रफीकभाईंच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. म्हणलं, तेरा वर्षांच्या मुलाला चांगली इंग्रजी कादंबरी पाहिजे.
"परियाँ, राक्षस नक्को देओ उसको," ते म्हणाले. "इस उमर में बच्चे को सच्ची बात होना." ढिगातून एक काढून दिली. मुखपृष्ठावर शेड, शेडमध्ये अर्धी होडी, बाप नि पोरगा. मला चित्रच आवडलं.
निनादच्या आईचा, शुभाचा मेसेज. तिची मस्कतची बदली नक्की झाली. निनादला सोबत न्यायचं तर माझी संमती लागते. घटस्फोटाच्या वेळी तसंच ठरलंय.
उत्तर दिलं नाही.

१९ जून
वाळूजला जाताना कंपनीच्या बसमध्ये वाचतो, मांडीवर डिक्शनरी. सुरुवातीला एका पानाला लई वेळ जायचा. आता वाक्यं आपोआप सरकतात काही ठिकाणी. थंड मुलखातलं समुद्राकाठचं गाव, बाप-लेक मिळून होडी बांधतात. बाप कमी बोलतो. फळ्या वाफेवर वाकवणं, त्या जोडायला रिबिट ठोकणं, हे तर मला डिक्शनरीशिवाय समजलं! टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली ती कुठंतरी कामाला आली.
कँटीनमध्ये काळे म्हणतो, "काय राव, फॉरेनला चालला काय तुम्ही?"
मी नाय रे बाबा.

२३ जून, रवि.
पुणे. पुस्तक दिलं. निम्मंच झालं होतं माझं, पण पुन्हा दोन आठवडे कोण थांबणार. म्हणलं, "लई भारी आहे. बाप-लेक होडी बांधतात." त्यानं मागचं पान वाचलं, पुढचं उघडलं. खूश होता. निघताना म्हणाला, "तू खरंच वाचलंस?" मी हो म्हणून मान हलवली.
मस्कतचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. पण त्याला माहीत आहे, सही माझ्याकडं अडलीय ते.

२६ जून
संध्याकाळी निनादचा फोन. आवाज बसलेला.
"तू हे पूर्ण वाचलंयस ना?"
"हो. का रे?"
"म्हणजे तुला माहीत होतं." कट.
पुन्हा लावला. नाही उचलला. पुन्हा. नाही.
काय माहीत होतं? पुढं काय आहे त्या पुस्तकात?

२७ जून
रफीकभाईंकडं दुसरी प्रत नाही. त्यांनी स्वतः वाचलेलं नाही, कोणी एक मॅडम चांगलं आहे म्हणून विकून गेल्या होत्या, एवढंच.
शेवटी शुभाला फोन केला. लई दिवसांनी. तिनं एका बैठकीत वाचून काढलं होतं, तो रडत का बसलाय ते कळावं म्हणून.
"होडी तयार झाल्यावर बाप पोराला न सांगता एकटाच निघून जातो. परत येत नाही. सांग, तुला हेच सुचलं त्याला द्यायला?"
"मला माहीत नव्हतं. माझं निम्मंच झालं होतं."
"मग सुचवलंस कशाला?"
तिनं मग हळू आवाजात सांगितलं, की निनादला वाटतंय, बाबानं आपल्याला सोडायचं ठरवलंय. सही करणार आहे, ते तोंडानं सांगता येईना म्हणून पुस्तक दिलं.
पुस्तक देताना माझ्या डोक्यात फक्त रिबिटं होती.

३० जून, रवि.
आजचा रविवार माझा नव्हता. तरी गेलो. शुभानं अडवलं नाही, दार उघडून आत निघून गेली. निनाद बाल्कनीत. पाठ करून बसलेला.
म्हणलं, "माझं निम्मं राहिलंय. वाचून दाखव."
त्यानं आत जाऊन पुस्तक आणलं. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत सांगायचा. माझ्यापेक्षा किती छान वाचतो. बापाची होडी पाण्यात उतरते तिथपर्यंत आलो नि तो थांबला. "पुढचं तू वाच."
मी वाचलं. मोठ्यानं, अडखळत. शब्द चुकला तर तो खाली बघतच दुरुस्त करायचा. पोरगा सकाळी शेडमध्ये येतो, शेड रिकामी. एवढं सोपं इंग्रजी, तरी ती ओळ मी दोनदा वाचली.
संपल्यावर त्यानं विचारलं, "त्याच्या जागी तू असतास तर गेला असतास?"
"मी कुठं जातोय रे? जाणार तू आहेस."
बोलून गेलो. बोलायला नको होतं. त्याचा चेहरा एकदम लहान झाला, बालवाडीत सोडायचो तेव्हासारखा.
म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही."

४ जुलै
विचारलं. फोनवरच. रविवारपर्यंत धीर निघाला नाही.
"निनाद, तुला जायचंय का?"
"मी राहतो म्हणलं तर मम्मी एकटी जाईल. जातो म्हणलं तर तू एकटा. म्हणून मी काहीच म्हणत नाही."
तेरा वर्षांचं पोरगं. मी फोन कानाला धरून उभा, बाजूला मशीन चालू, काळे खुणावतोय.
नंतर शुभाला कळवलं, सोमवारी सांगतो. ती म्हणाली, सोमवारनंतर मला कंपनीला थांबवता येणार नाही.

५ जुलै
रफीकभाईंकडं गेलो. म्हणलं, ज्यात कोणी जात नाही असं द्या. ते म्हणाले, "ऐसी तो कोई देखी नहीं, साब." तरी शोधत बसले. एक बारीकसं निघालं, एका मुलीचं नि तिच्या आंधळ्या घोडीचं. सुट्टी टाकून घरी बसलो नि संपवलं. पूर्ण. शेवटचं पान दोनदा वाचलं. घोडी जगते. मुलगी गाव सोडून शिकायला जाते.
हे द्यावं का त्याला?

७ जुलै, रवि.
पुणे. पुस्तक पिशवीत. बागेत बसल्याबरोबर सांगून टाकलं, "हे मी शेवटपर्यंत वाचलंय. चांगलं आहे. पण यात मुलगी शेवटी गाव सोडते. आधीच सांगतोय."
"बाबा, शेवट कोणी सांगतं का!" हसला. मग हसणं थांबलं. "घोडीचं काय होतं?"
"ते तू वाच."
त्यानं पहिलं पान उघडलं, पुस्तक माझ्याकडं सरकवलं. मी वाचायला लागलो. दोनदा उच्चार चुकलो, त्यानं सुधारले. पान उलटताना त्यानं डोकं माझ्या दंडाला टेकवलं. मी तसाच वाचत राहिलो.
उद्या सोमवार. शुभाला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.