रुमालाचा खेळ

१४ मार्च, शाळा सुटल्यावर

प्रिय दादा,

नमस्कार. सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत, म्हणून लिहिलं. आईची नजर अधू झालीय, जीभ मात्र शाबूत. कालच म्हणाली, "हा चहा आहे की भांडं विसळलंस?"

तुझं कार्ड मिळालं. चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करत बंदरोबंदरी फिरतोस आणि वर्षातून एकदा लिहितोस ते काय, तर तिथली पोरं रुमालाचा खेळ कसा खेळतात! कुठे रुमालाऐवजी खडा, कुठे पिळलेला पट्टा, कुठे नुसती डोक्यावर टपली. आता म्हणे एक म्हातारी भेटली. तिच्या मते हा खेळ निघाला तोच मुळी, गावातल्या कुणाचा बळी द्यायचा हे ठरवायला. खरंखोटं देव जाणे.

खाली विचारलंयस, "सगळीकडे एक गोष्ट सारखी. रुमाल टाकणारा गोलाभोवती पळून मोकळ्या जागी बसतो. आपल्याकडेही असंच होतं ना गं?"

होतं रे. मीच मोडलं. त्या दिवशी खेळताना आपल्या धाकट्या बहिणीच्या पाठीमागे रुमाल टाकला आणि गोल सोडून फाटकाबाहेर पळाले, पाण्यानं भरलेल्या खाणीकडे. तिला चिडवायला, बाकी काही नाही. ती मागे आली. काठावर मी थांबले, तिला थांबता आलं नाही. मी परत येऊन तिच्या जागी बसले.

तू राखण सोडून पाणी प्यायला आत गेलेला. आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "दादानं तिला बाहेर नेलं." बाकीची पोरं एवढीशी, त्यांना कुणी विचारलंच नाही. सतराव्या वर्षी तुला घराबाहेर काढलं आणि मी तोंडात गुळणी धरून बसले.

गेल्या आठवड्यापासून माझ्या वर्गातली पोरं गोलात एक जागा मोकळी ठेवतात. का म्हणून विचारलं, तर एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तिथे ती बसते ना." हसण्यावारी नेलं. पोरं गेल्यावर पाहिलं, तेवढीच माती ओली होती.

आज सकाळी आईला सारं सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या खांद्यामागे बघत राहिली. मग म्हणाली, "थोरल्याला बोलाव. मला त्याची माफी मागायचीय. आणि तू जरा सरक, ती किती वेळ उभी राहणार?"

दादा, मी सरकले. लवकर ये रे.

तुझी अपराधी,
मधली