मयुरीचं ग्राउंड आणि हे मेलं ऊन

ता. २ फेब्रु., सोम.
नात परत उन्हात धावून आली. नाकावर न् दोन्ही गालांवर लालभडक, कुणी थोबाडल्यासारखं. डॉ.नी बजावलंय, मयुरी, तुला ल्युपस आहे, अंगाला ऊन लागू द्यायचं नाही. पण डोक्यात पोलीस भरती, तिचं ते धावायचं ग्राउंड. म्हणे, "आजी, कोवळं होतं गं ऊन." कोवळं! काकडी आहे काय ती?

ता. ३
ताप. बोटं आखडली, कप धरवेना. ऊन लागलं तोंडाला, बोंब मारतायत सांधे. हा कसला रोग.
शेजारची नीताबेन आली. "मांजी, बच्ची को धूप में बिठाओ, विटामिन मिलेगा." म्हटलं, तुम बैठो बाई, अचार की बरणी लेके. फुगून गेली. जाऊ दे.

ता. ७, शनि.
काल धुरकं होतं, सूर्य दिसेना, म्हणून बाईसाहेब उन्हाचं मलम न लावता जेसल पार्कच्या चौपाटीवर धावल्या. आज गाल परत पेटले. सूर्य दिसला नाही म्हणून तो सुट्टीवर जातो होय?

ता. ११, बुध.
डॉ.कडे. लघवीतून प्रोटीन जातंय म्हणे, किडनी सांभाळा. विचारलं, गालाचं किडनीशी काय नातं? डॉ. म्हणाली, "आजी, उन्हानं आजार चाळवतो. मग आत कुठंही जातो." गोळ्या वाढल्या.
रिक्षात पोरगी एकच बोलली, "मग ग्राउंड देता येईल ना?" एक ठेवून द्यावी वाटलं. पण गाल आधीच सोललेला.

ता. १७, मंगळ.
भरतीचं बोलावणं आलं. ग्राउंड शनिवारी. पहाटे हजर, पण नंबर लागेतो दुपार होते. सावलीला झाड नाही.
सूनबाई म्हणते, "दोन वर्षं धावली, एका दिवसानं काय होतंय!" मुलगा म्हणतो, "नोकरी नको, लग्न करून टाकू." एक भाजायला निघालीय, एक उजवायला. पोरीला कुणी विचारलं?
मीही नाही.

ता. २०, शुक्र.
बॅग भरली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, मलम. धावताना टोपी चालते का, तिलाही ठाऊक नाही. बूट मांडीवर घेऊन समोर बसली. "आजी, तू सांग. जाऊ?"
इतके दिवस ओरडले तेव्हा कानात बोळे. आज विचारते!
म्हटलं, आधी जेव. जेवली. माझी भांडी घासून झाली तरी तिथंच बसलीय, माझ्या तोंडाकडे बघत.