यांना ‘कम ऑन’ म्हणायचं कसं

मंगळ., ४ फेब्रु.
इंग्रजीच्या क्लासला गेले. डिसूझा मॅडम छावणीतून रिक्षा करून पुंडलिकनगरला येतात, आम्ही बायका चार घरं ओलांडून, तरी उशीर आमचाच. आजचा विषय: समोरचा थापा मारत असेल तर काय म्हणायचं. मॅडमनी फळ्यावर जिना काढला. खाली ‘रिअली?’, मग ‘कम ऑन’, ‘नो वे’, वर ‘रबिश’, ‘माय फूट’. सगळ्यात वरची पायरी रिकामी. तिथला शब्द तुम्ही टीव्हीवर ऐकता, म्हणाल्या, इथं नको.

मग एकीने थाप मारायची, दुसरीने पकडायची. थापा मारायला कुणी मागं नाही. पाटीलकाकू म्हणाल्या, सासूबाई मला कधी उणं बोलल्या नाहीत. आणि आम्ही सगळ्या एका सुरात, ‘असंल, असंल.’ मॅडम वैतागल्या. शेवटी कदमांची सून धीर करून ‘रबिश, काकू’ म्हणाली आणि लगेच वाकून काकूंच्या पाया पडली. मॅडम हसत सुटल्या. मला कळेना यात हसण्यासारखं काय. थोरल्यांना खोटं पाडल्यावर पाया पडायला नको?

गुरु., ६
ओवीला (नात, चौथीत) जिना सांगितला. म्हणे, आजी हे जुनं झालं, आता आम्ही फक्त ‘कॅप’ म्हणतो. थाप म्हणजे कॅप, संपलं. ह्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, टोपीचा काय संबंध? तिलाही माहीत नाही.

पेपरवरून आठवलं. हल्ली हे मथळे तेवढे वाचतात आणि खालची बातमी मला वाचायला लावतात. तुझं वाचन सुधारेल म्हणे. पेपर मराठी. माझं मराठी वाचन कशाला सुधारायचंय?

शनि., ८
हे गुलमंडीहून आले. स्कूटरचा पुढचा मडगार्ड फुटलेला. लावून ठेवली होती, कुणीतरी धडकवली, म्हणाले. अस्तराचं कापड मी आकाशी सांगितलेलं, आणलं राखाडी. दुकानदाराने बदललं असेल, म्हणाले. मी ‘असंल’ म्हटलं.

मग स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. सोमवारी याच स्कूटरवर ओवी मागं बसणार. पोरगा आणि सून अश्विनी, दोघंही सकाळीच वाळूजला कंपनीत जातात. ओवीला शाळेत सोडायचं काम ह्यांचं. रिटायर झाल्यावर हट्टाने मागून घेतलेलं. तेवढा एकच रुबाब राहिलाय बिचाऱ्यांचा.

सोम., १०
गेले, आले. तोवर जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी ओवी बोलता बोलता म्हणाली, सिग्नल मी सांगते आजोबांना. लाल की हिरवा. आमचा खेळ आहे तो. खेळ म्हणे.

अश्विनीला सांगितलं की पोराच्या कानावर जाणार, तो बापाला सगळ्यांदेखत बोलणार. ते नको. मलाच बोललं पाहिजे. पण ‘तुम्ही खोटं बोलता’ हे लग्न झाल्यापासून ह्यांना कधी म्हटलेलं नाही. भांडलेय, अबोला धरलाय, भांडी आपटलीत. ते वाक्य मात्र नाही. ते एकदा तोंडातून गेलं की...

मंगळ., ११
क्लास संपल्यावर मॅडमना विचारलं, नवऱ्याला कुठली पायरी चालते? बाकीच्या खिदळल्या. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, मी आमच्या मिस्टरांना ‘कम ऑन’ म्हणायचे. ते गेल्यापासून म्हणायला कुणी नाही. फक्त आवाज हळू ठेवा.

घरी येताना तोंडातल्या तोंडात पुटपुटत आले. भाजीवाल्याने वळून पाहिलं.

बुध., १२
सकाळी ह्यांनी किल्ली घेतली. मी दारात उभी. म्हटलं, आज राहू द्या, ओवीला मी रिक्षाने सोडते.

“का म्हणून? मला समदं दिसतंय.”

दिसण्याचं मी काढलंच नव्हतं.

“अहो, कम ऑन.”

हळूच म्हटलं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, वाकले, ह्यांच्या पायाला हात लावला. कदमांच्या सुनेसारखीच. हे किल्ली धरून तसेच उभे. मग म्हणाले, “मधोमध धूर धूर दिसतो, सुमन. कडंचं तेवढं दिसतं. दिवाळीपासनं.”

किल्ली माझ्या हातात दिली. हात लगेच सोडला नाही. मला रडू आलं, राग पण आला. दिवाळीपासून पोरीला मागं बसवून हिंडतायत.

ओवी दप्तर घेऊन आली. आज स्कूटर बिघडली, ह्यांनी सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हो गं, बिघडली.

“कॅप,” ओवी म्हणाली. दोघांनाही.

रिक्षातून उतरताना तिनं विचारलं, मग आजोबांना सिग्नल आता कोण सांगणार? मी तिचं दप्तर तिच्या खांद्यावर चढवलं.

शुक्र., १४
किल्ली डाळीच्या डब्यामागं ठेवलीय. ह्यांनी शोधली नाही. अश्विनीला एवढंच सांगितलं की ओवीला काही दिवस मी सोडते. ती ‘बरं’ म्हणाली, पण माझ्याकडं जरा जास्तच पाहिलं.

आज सकाळी ह्यांनी पेपर सरळ माझ्यापुढं सरकवला. वाच म्हणाले. वाचन सुधारण्याचं बोलले नाहीत. मथळ्यापासून सगळं वाचलं, बाजारभावसुद्धा. मधेच मी विचारलं, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं ना?

“जाऊ की. मला काय भीती आहे?”

‘असंल’ अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

“रिअली?” म्हटलं.

हे चहा फुंकत बसले. मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली.