कास असलेला बैल

नाना,

आज भादव्यातली अवस. बैलपोळा आणि सर्वपित्री आपल्याकडं एकाच दिवशी येतात, म्हणून आधी बैलाला पुरणपोळी आणि मग कावळ्याला खीर. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून सासरच्या पितरांच्या पानांशेजारी एक पान मी तुमचं वाढते. मंचरच्या या घरात त्याला कुणी कधी हरकत घेतली नाही. पानं उचलून झाली, माणसं पांगली, आणि मी ओसरीवर कागद घेऊन बसले आहे. राग आलाय म्हणून बसले आहे, ते आधीच सांगून टाकते.

पिंपरी पेंढारची तुमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मोठी पोरं गाभाऱ्याच्या बाजूला आणि आम्ही बिगारीतली चिल्लीपिल्ली पायरीजवळ. प्लेग ओसरून गाव नुकतं माळावरच्या झोपड्यांतून घरी परतलं होतं. श्रावणात तुम्ही आम्हाला नारळाच्या करवंट्यांत मटकी पेरायला लावायचात आणि रोज कोंब किती वर आला ते पाटीवर काढायला सांगायचात. थंडीत हुरड्याला शेतात न्यायचात, उन्हाळ्यात चिंचोक्यांनी बेरीज. गावातले म्हणायचे, "मास्तर शिकवत्यात का पोरं खेळवत्यात?" तुम्ही हसायचात. शाळेत हसायचात, घरी नाही. घरी आलात की पगडी खुंटीला आणि तोंडाला कुलूप. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आईला आणि मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको होतं. शाळेत तुम्हाला नाना म्हणायचीही मला बंदी होती, मास्तरच म्हणायचं. दुसऱ्या पोरांसाठी मास्तर आणि माझ्यासाठीही मास्तर, मग माझ्या वाट्याला जास्तीचं काय आलं, सांगा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही ओढ्याची माती आणून ठेवायचात आणि प्रत्येकानं बैल करायचा. शिंगं तेवढी तुम्ही करून द्यायचात. पोराच्या मागं बसून त्याची बोटं आपल्या बोटांत धरायची आणि माती अशी वर ओढायची की टोक आपसूक वळायचं. मी माझी पाळी कधी येते ते बघत बसायचे.

त्या साली मारवाडी जैन दुकानदाराची मुलगी बिगारीत आली. माझ्याच वयाची, नाकात चमकी, केसांना तेल चोपडलेलं. तिनं बैल केला आणि पोटाखाली चार सड असलेली कास लावली. पोरं लोळायची बाकी राहिली. "बैलाला दूध, बैलाला दूध." ती रडकुंडीला आली. तुम्ही तिच्या शेजारी मांडी घातलीत आणि म्हणालात, "हसू नका रं. तिच्या दारात गाय हाये, बैल न्हाई. तिनं बघितलं ते केलं." मग तिची बोटं धरून तुम्ही शिंगं ओढलीत. किती सावकाश. माझं पोट तेव्हा जे दुखायला लागलं ते, नाना, आजतागायत थांबलेलं नाही.

माझा बैल सगळ्यांत देखणा होता. वशिंड, झूल, सगळं, शिंगं तेवढी तुमच्यासाठी ठेवलेली. तुम्ही हातात घेतलात, फिरवून बघितलात आणि म्हणालात, "हा शेजारच्या पोराचा बघून केलायस. तू बैल बघितलाच नाहीस." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पण आपल्या दारात तरी बैल कुठं होता? जमीन मढ गावी काकांकडं, बैलही तिकडंच. तिच्या दारात बैल नाही म्हणून तिला माया, आणि माझ्या दारात नाही तर मला बोल. हा कुठला न्याय?

ती म्हणाली, "मास्तर, आमच्यात पोळा न्हाई करत. ह्याला कुटं ठिवू?" तर तुम्ही तो कास लावलेला बैल आपल्या घरी आणलात. दुसऱ्या दिवशी आईनं पाटावर त्यालाच कुंकू लावलं, त्यालाच पुरणपोळी दाखवली. आईनं विचारलं, "आपल्या पोरीचा कुटंय?" तुम्ही म्हणालात, "तिचं काय, ती घरचीच. तिला केव्हाही करून देईन."

पुढचा भादवा तुम्ही बघितला नाहीत. चैतात ताप आला आणि आठवड्यात सगळं आटोपलं.

आता आजचं सांगते. तीही लग्न होऊन मंचरलाच आली, तिच्या घरचं कापडाचं दुकान आहे. तिच्यात पितरं जेवू घालत नाहीत, म्हणून दर सर्वपित्रीला माती घेऊन माझ्या दारात येते, बैल करते आणि तुमच्या पानाजवळ ठेवते. अजून कास लावते, मुद्दाम. केस पिकले, नातवंडं झाली, तरी शिंगं तुमचीच. तसंच टोक, तसाच बाक. मी पान वाढायचं आणि नैवेद्यासारखा बैल मात्र हिचा.

आज खीर खाताना ती म्हणाली, "एक सांगू? ल्हानपणी मला तुजा लई राग यायचा. शाळा सुटली की मास्तर तुज्यासंगट घरला जायचे. मला वाटायचं, आपल्याला एकदाच बोटं धरून शिकवलं, हिला रोजच शिकवत असतील. शिकवायचे ना गं?"

माझ्या हातात पळी होती. मी तिच्या वाटीत आणखी खीर घातली आणि म्हणाले, "तर. रोज."

तिचा चेहरा उतरला. तिनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "नशीबवान हायेस," आणि उठली.

नाना, तुमच्या नावानं, तुमच्याच दिवशी मी खोटं बोलले, आणि मला बरं वाटलं. अजून वाटतंय. हे तुम्हाला पोचवायचं तर पत्ता कुठला घालू, म्हणून कागद घडी करून फडताळात ठेवीन. तिनं आणलेल्या मातीतली मूठभर मी दरवर्षी मागून घेते, नातवाला खेळायला म्हणून. नातू मातीला हात लावत नाही. ती मी ओल्या फडक्यात झाकून ठेवते, तुम्ही केव्हाही करून देईन म्हणाला होतात म्हणून.