लाकडी अळंबं

आई, त्या लाकडी वस्तूचं खरं नाव मला परवा कळलं. जुन्या सामानाच्या एका दुकानात तशीच दिसली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "डार्निंग मश्रूम." म्हणजे रफूचं अळंबंच. खरं नाव माहीत नसताना आपण आकारावरून जे नाव ठेवलं, तेच तिचं नाव निघालं.

बाबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. राजाजीनगरातल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्या, आणि मामा आपल्याला बेळगावला न्यायला आलेले. आवराआवरीत बाबांनी कँटोन्मेंटच्या जुन्या बाजारातून आणलेली, कुणा साहेबाच्या घरातली शिवणाची पेटी निघाली. तिच्यात हे. खाली मूठ, वर गुळगुळीत गोल डोकं. मामा म्हणाले, "औषध घोटायचं असेल, अक्का. टाक ते, उगाच ओझं." तू ते खिडकीशी उजेडात धरतेस, अंगठा फिरवतेस. "घोटायचं असतं तर डाग पडले असते. हे ओरखडे बघ, बारीक, उभे-आडवे. सुईचे आहेत."

मग तू मामांना पायमोजा काढायला लावलास. टाचेला भोक होतं. ते लाजून म्हणाले, "अगं, राहू दे की." तू मोजा त्या डोक्यावर ताणलास, भोक बरोबर वर आलं, आणि उभे धागे घालून त्यांतून आडवे विणत गेलीस. मामांचा चहा निवला तरी तू मान वर केली नाहीस. बाबा गेल्यापासून तुला कशात इतकं गुंतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

खोल्या कधी रिकाम्या होणार ते विचारायला घरमालकीणबाई आल्या आणि मोजा हातात घेऊन उलटासुलटा बघत राहिल्या. "इदु यारु माडिद्दु?" कुणी केलं हे? "नानेरी," तू आपल्या बेळगावी कन्नडात म्हणालीस. मीच केलं. त्या गेल्या आणि नवऱ्याचा कसर लागलेला लोकरी कोट घेऊन आल्या. तो झाल्यावर शेजारच्यांचे स्वेटर आले, पुढे कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून रफूची गाठोडी येऊ लागली. पण ते नंतर. त्या संध्याकाळी कोट मांडीवर घेऊन तू मामांना एवढंच म्हणालीस, "हा पुरा केल्याशिवाय मला येता यायचं नाही." मामांनी वाद घातला, तू कोटाचं एकेक भोक भरत राहिलीस. शेवटी ते एकटेच गाडीत बसले. आपण इथलेच झालो. माझी शाळा, नोकरी, लग्न, सगळं याच गावात.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. त्या दिवशी मला मामांबरोबर जायचं होतं. तिथं मामेबहिणी होत्या, विहीर होती. स्टेशनवर मी रडले, ते मामा चालले म्हणून, असं तू समजलीस. मी तसंच समजू दिलं.